पहिल्या हाकेला ओ देऊ नये

डिस्क आत सरकवली आणि लॅपटॉपनं आधी दम भरला. ही डिस्क दुसऱ्या रीजनची आहे (जगाच्या ज्या भागासाठी डीव्हीडी काढलेली असते तो तिचा रीजन), रीजन बदलू का, आणि लक्षात ठेवा, आता फक्त दोनदा बदलता येईल. लॅपटॉप तसा म्हातारा झालाय, पण घरात डीव्हीडी वाजवणारं तेवढंच यंत्र उरलंय. जर्मनीत हानोव्हरला असणाऱ्या भाचीनं रविवारच्या जुन्या बाजारात ही डिस्क चार युरोला उचलली. झाकण तडकलेलं म्हणून त्यातही एक युरो कमी करून घेतला (पुण्याचीच आहे शेवटी) आणि दिवाळीला येताना माझ्याच लाडवांच्या रिकाम्या डब्यातून आणली. मी दोनातली एक वेळ खर्च केली. सिनेमा जर्मन, 'देर रुफ', साल 1949, काळा-पांढरा, पावणेदोन तासांचा. पस्तावा झाला नाही. तक्रारी मात्र आहेत.

पहिली तक्रार डिस्कचीच. सबटायटल नाहीत, इंग्रजीही नाहीत आणि जर्मनही नाहीत. आवाजात मागून सतत घूं घूं चालू असतं, जुन्या फ्रिजसारखं. माझं निभावलं, कारण मी पुण्यात अठ्ठावीस वर्षं जर्मन शिकवलंय, तेही अकरावी-बारावीच्या पोरांना, ज्यातल्या ऐंशी टक्क्यांना जर्मनशी काही देणंघेणं नव्हतं, मार्क चांगले पडतात एवढंच माहीत होतं. आमच्या ह्यांना मात्र एक अक्षर येत नाही. हे गणिताचे. सिनेमा ग्योटिंगनचा आहे असं मी म्हणाले, तर लगेच खुर्ची ओढून शेजारी बसले, कारण ग्योटिंगन म्हणजे गणितज्ञ हिल्बर्टचं गाव. मग दर दोन वाक्यांनी मी स्पेसबार दाबायचा, ह्यांना सांगायचं, पुन्हा दाबायचा. असा तो पावणेदोन तासांचा सिनेमा आम्ही सव्वातीन तास बघितला, मधे चहा आणि गॅसवाला धरून.

त्या थांबत थांबत बघण्यात एक गोष्ट कळली. सलग बघितला असता तर माझ्या लक्षात आली नसती. सिनेमात दोन भाषा आहेत. सुरुवातीला लॉस एंजेलिसचं घर, अमेरिकन विद्यार्थी, त्यामुळे इंग्रजी बरंच. तेवढ्यात हे खुशीत होते, माझी गरज नव्हती. मग प्राध्यापक जर्मनीत परततो आणि इंग्रजी आटत जातं. एका जागी हे म्हणाले, "आता काय बोलतायत ते सगळंच सांगावं लागेल तुला." म्हणजे पडद्यावरचा माणूस आपल्या भाषेत घरी पोचला आणि त्याच क्षणी माझ्या शेजारचा माणूस बाहेर राहिला. सिनेमा करणाऱ्यांनी असं काही ठरवलं असेल की नाही, देव जाणे. पण या सिनेमाचं मर्म मला तिथंच सापडलं. देश, तत्त्व, क्षमा हे शब्द संवादांत पुष्कळ येतात. माणूस परततो तो बोलायला.

आधी नाव. 'रुफ' म्हणजे हाक. 'रुफ' म्हणजे नावलौकिकसुद्धा, बरा किंवा वाईट. आणि विद्यापीठाच्या बोलीत तिसरा अर्थ: प्राध्यापकाची नेमणूक व्हायची असते तेव्हा त्याला 'रुफ' येतो. आपल्याकडे कॉल लेटर येतं तसं नव्हे. तिथं विद्यापीठ माणसाला साद घालतं, आणि ती स्वीकारायची की नाकारायची हे तो ठरवतो. पत्रिकेवर कुंकू लावून बोलावल्यासारखा मान असतो त्यात. याच शब्दाला पुढं 'मोर्ड', म्हणजे खून, जोडला की 'रुफमोर्ड' होतो. एखाद्याचं नाव बदनाम करून त्याला संपवणं. एवढ्या चार अक्षरांत सिनेमाची अख्खी गोष्ट बसते, आणि मी अठ्ठावीस वर्षांत एकाही वर्गाला ती सांगितली नाही. अभ्यासक्रमात नव्हती.

माझी आजी राजापूरकडची. रात्री दारावर कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं ती बजावायची. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल. दुसरं काही असेल तर एकदाच मारेल. लॉस एंजेलिसच्या त्या घरात प्राध्यापक माउट्नर पत्र हातात घेऊन उजळलेल्या चेहऱ्यानं बसतो तेव्हा मला आजीच आठवली.

माउट्नर तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, ज्यू, पंधरा वर्षं कॅलिफोर्नियात. घर आहे, जीव लावणारे विद्यार्थी आहेत, आणि त्याच्यासारख्याच पळून आलेल्या जर्मनांची बैठक आहे. जुन्या विद्यापीठातून साद येते. बैठकीत भांडण पेटतं. फ्रेंकल नावाचा मित्र आहे, त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. कुणाकडे जातोयस, तुला हाकलणाऱ्यांकडे? माउट्नरचं म्हणणं, सगळेच तसे नव्हते. या वादाला सिनेमा भरपूर वेळ देतो आणि त्यासाठी मी त्याला पूर्ण मार्क देते. एकही जण मूर्ख दाखवलेला नाही. जाऊ नको म्हणणाऱ्यांचं पारडं खरं तर जडच आहे.

हा वाद लेखकानं घरात बसून रचलेला नाही. 1945 च्या ऑगस्टमध्ये वाल्टर फॉन मोलो या लेखकानं देश सोडून गेलेल्या कादंबरीकार थॉमस मानला जाहीर पत्र लिहिलं होतं, परत या म्हणून. मान तेव्हा त्याच लॉस एंजेलिसच्या बाजूला, पॅसिफिक पॅलिसेड्सला राहायचा. त्यानं जाहीरच उत्तर दिलं: नाही येत. त्यावर जर्मनीत राहिलेले लेखक खवळले. फ्रांक थीसनं तर असा सूर लावला की आम्ही इथं आगीत होरपळत होतो आणि तुम्ही परदेशी बॉक्समधल्या खुर्च्यांत बसून आमची शोकांतिका बघत होतात. पळून गेलेला माणूस आणि नाटक बघायला बसलेला माणूस यांत फरक करायला त्या काळात फार लोक तयार नव्हते. मान 1949 मध्ये गेला, पण कवी ग्योथेच्या दोनशेव्या जयंतीचं भाषण करायला, पाहुणा म्हणून. माउट्नर पाहुणा म्हणून जात नाही. तो खुर्चीवर बसायला जातो. सगळा घोळ तिथं होतो.

आता हे ज्यानं लिहिलं आणि रंगवलं तो माणूस. फ्रिट्झ कोर्टनर, जन्म 1892, व्हिएन्ना, मूळ आडनाव कोन. विसाच्या दशकातल्या बर्लिनच्या रंगभूमीवरचा बडा नट. शेक्सपिअरचा शायलॉक, तिसरा रिचर्ड असल्या भूमिका. आपल्याकडे गणपतराव जोश्यांच्या हॅम्लेटबद्दल ज्या सुरात बोलतात तसं त्याच्याबद्दल बोलतात. 1933 साली सगळं सुटलं. आधी लंडन, मग अमेरिका. ज्याचं भांडवलच जर्मन शब्द, त्याला हॉलिवूडमध्ये काय मिळणार? उच्चार जर्मन, चेहरा रापलेला, म्हणून मिळाले ते नाझी. हिटलरच्या टोळीवरच्या एका अमेरिकन पटात हा ग्रेगोर श्ट्रासर झाला. ज्यू म्हणून हाकलला, आणि पोटासाठी नाझीचं सोंग काढायचं. 1947 च्या अखेरीला तो परतला आणि पहिलं मोठं काम केलं ते हे: स्वतःच पटकथा लिहिली आणि स्वतःच त्यात उभा राहिला.

म्हणून माउट्नर बोलायला लागला की आपण पात्र विसरून त्या आवाजाकडे लक्ष देतो. ग्योटिंगनमधलं त्याचं पहिलं व्याख्यान बघा. विषय प्लेटोचा, सद्गुण शिकवता येतो का. विषयाची निवड धारदार आहे, कारण समोरच्या बाकांवर बसलेली पोरं बारा वर्षं भलतंच काही शिकून आलेली आहेत, आणि ते शिकवणारेही प्राध्यापकच होते. कोर्टनर इथं ओरडत नाही. जाड मानेचा, बुटका, भरल्या अंगाचा माणूस, पण आवाज असा टाकतो की प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर नीट खाली ठेवल्यासारखं वाटतं. जर्मनमध्ये पोटवाक्यातलं क्रियापद पार शेवटी जातं. आमची पोरं त्याच्या नावानं बोटं मोडायची. कोर्टनर त्याच क्रियापदापर्यंत ऐकणाऱ्याला श्वास रोखून नेतो. मी इथं स्पेसबार दाबलाच नाही. ह्यांनीही विचारलं नाही. संपल्यावर म्हणाले, "हा चांगला मास्तर दिसतोय." भाषा न कळता एवढं कळलं, तर नट मोठाच.

(ह्यांची खंत वेगळी. "गणिताचा विभाग कुठाय?" असं दोनदा विचारून झालं. गणिताचा विभाग नाझींनी 1933 मध्येच रिकामा केला, हेच तर उत्तर आहे. एमी न्योटरला काढलं, कूरांटला काढलं. पदार्थविज्ञानातल्या माक्स बोर्नला काढलं. जेम्स फ्रांकला पहिल्या महायुद्धातल्या सेवेमुळे सूट होती, तरी त्यानं निषेध म्हणून राजीनामा दिला. 1953 मध्ये शहराला हजार वर्षं झाली तेव्हा बोर्न, फ्रांक आणि कूरांट या तिघांना ग्योटिंगननं मानाचं नागरिकत्व दिलं. वीस वर्षांनी. न्योटर तेव्हा हयात नव्हती.)

ग्योटिंगन निवडण्यात आणखी एक खुबी आहे. त्या वेळच्या जर्मन सिनेमांना 'ढिगाऱ्यांचे सिनेमे' असं नावच पडलं होतं. दर दुसऱ्या पटात पडक्या भिंती आणि युद्धावरून परतलेला सैनिक. 'हाइमकेअरर', घरी परतणारा, हा शब्द त्याच्यासाठीच राखून ठेवलेला. लोक त्याच्यासाठी रडायचे. माउट्नरसुद्धा घरीच परततोय की, पण त्याला त्या शब्दात बसवायला कुणी तयार नाही. ढिगारे याही सिनेमात आहेत. पण ग्योटिंगन हे गाव बॉम्बवर्षावातून बरंचसं वाचलं होतं, आणि तिथलं विद्यापीठ युद्धानंतर सगळ्यात आधी, सप्टेंबर 1945 मध्येच सुरू झालं. घरं उभी, ग्रंथालय जागेवर, मास्तर जागेवर. पडझड झाली होती ती अशा जागी, जिथं कॅमेरा सहज पोचत नाही.

तिथले मास्तर म्हणजे फेश्नर. सहकारी. याच्याबद्दल फार लिहायला नको, कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ज्यानं सहा महिने काढलेत त्यानं फेश्नर बघितलेला आहे. तोंडावर गोड, मागं पाचर मारायला हजर. फरक एवढाच, की आपल्याकडचा फेश्नर खुर्चीसाठी पाचर मारतो, आणि याच्या पाचरीला अख्ख्या राष्ट्राची घाण लागलेली आहे. ज्यूद्वेष आता उघड बोलायची सोय नाही, म्हणून तो अर्ध्या वाक्यांत बोलला जातो. भुवई, हसू, "तुम्हाला तर माहितीच आहे" अशी वळणं. ही अर्धी वाक्यं ह्यांना मराठीत सांगताना माझी फजिती झाली. शब्द सांगितले तर त्यांत काहीच वावगं नव्हतं. "मग हा एवढा का दुखावला?" असं ह्यांनी विचारलं, आणि मला समजावून सांगावं लागलं की जे बोललं गेलंच नाही त्यानं तो दुखावलाय.

इथं माझ्या मोठ्या भावाचं सांगते. तुलना करायची नाही, आधीच सांगते. दादाला कुणी हाकललं नव्हतं, कुणी मारायला टपलं नव्हतं, तो आपणहून अमेरिकेला गेला आणि आपणहून आला. 1996 साली, इथल्याच एका विद्यापीठात शिकवायला, पगार पाचवा हिस्सा. पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी चहा पाजत विचारलं, "तिकडं जमलं नाही वाटतं?" दोन वर्षांनी तो परत गेला. त्यालाही हा सिनेमा मी फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितला. फेश्नरपर्यंत आल्यावर तो म्हणाला, पुढं नको सांगूस, झोप येणार नाही. त्याचं दुःख लहान होतं, या गोष्टीसमोर तर फारच लहान. पण परत आलेल्या माणसाकडे बघून गाव आधी विचारतं ते त्याच्या अपयशाबद्दल, हे मात्र दोन्हीकडे सारखंच निघालं.

बरं, इथवर सिनेमा एकदम खणखणीत. आता गडबड सुरू.

माउट्नरची जुनी बायको लीना इथंच राहिलेली. तिच्यापाशी त्याचा मुलगा वाल्टर. बाप कोण हे मुलाला माहीत नाही, मुलगा समोर आहे हे बापाला माहीत नाही. आणि मुलगा वाढलाय ज्यूद्वेषाच्या दुधावर. म्हणजे कर्णच, पण उलटा: कर्णाला निदान दान मागायला आलेल्यांची ओळख पटत होती. लीना ही कुंती. तोंड उघडायला हवं तेव्हा गप्प, आणि उघडते तेव्हा उशीर झालेला. मला असल्या ओळखीच्या कथानकांचं वावडं नाही. आपली निम्मी संगीत नाटकं त्यावर उभी आहेत. पण पहिला तासभर जो सिनेमा माणसांना वाद घालू देत होता, तो इथून पुढं योगायोगाला वाद जिंकू देतो. तिरस्कार करणारा हा मुलगा साधा अनोळखी विद्यार्थी असता तर? त्याच्याशी माउट्नरला खरोखर झगडावं लागलं असतं. रक्ताचं नातं काढलं की सगळं सोपं होतं. मग प्रश्न 'सद्गुण शिकवता येतो का' असा उरतच नाही, 'पोराला कधी कळणार' एवढाच उरतो.

त्यात वाल्टर झालेला एर्न्स्ट श्र्योडर तेव्हा चौतीस वर्षांचा. मराठी सिनेमात कॉलेजकुमार बघून डोळे तयार झालेत म्हणून मी चालवून घेतलं. चालवून घेता येण्याजोगा आहेही, नट चांगला आहे.

लीना मात्र बघावी अशी. योहाना होफर ही कोर्टनरची खरोखरची बायको. 1924 पासूनचा संसार, परागंदा आयुष्यही बरोबरीनं काढलेलं. चित्रकार केटे कोलविट्झची ही भाची. जिनं नवऱ्याबरोबर देश सोडला, तिला पडद्यावर नवऱ्याला सोडून देशात राहिलेली बाई व्हावं लागलंय. दोघांची भेट होते त्या प्रसंगात ती हातांचं काय करावं हे न सुचल्यासारखी उभी असते, आणि कोर्टनर तिच्याकडे बघतो त्यात राग कमी आणि ओळख जास्त. पंचवीस वर्षांचा संसार असल्याशिवाय असं बघता येत नाही. इथं मी गॅसवाल्याला दारात थांबवलं.

आणि दिग्दर्शक? योझेफ फॉन बाकी, मूळचा हंगेरियन. तो जर्मनीतच राहिला. 1943 साली ऊफा स्टुडिओला पंचवीस वर्षं झाली म्हणून नाझींचा प्रचारमंत्री ग्योबेल्स याच्या कारकिर्दीत जो झगमगीत रंगीत 'म्यूंशहाउझन' निघाला, तो याचा. कॅमेरामन वेर्नर क्रीन तेव्हाही तोच, इथंही तोच. त्या पटाची पटकथा एरिश केस्टनरनं टोपणनावानं लिहिली होती, कारण त्याची पुस्तकं 1933 मध्येच जाळून झाली होती. म्हणजे सेटवर काय दृश्य असेल बघा: कॅमेऱ्यापुढे देशोधडीला लागून परतलेलं जोडपं, आणि कॅमेऱ्यामागे ती सगळी वर्षं ग्योबेल्सच्या स्टुडिओत काम केलेली मंडळी. कुणी फॉन बाकीला नाझी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत हे लोक एकमेकांशी काय बोलत असतील, यावरचा सिनेमा मी या सिनेमाच्या आधी बघेन.

प्राध्यापकाबरोबर आलेली अमेरिकन मुलगी मेरी म्हणजे रोझमेरी मर्फी. हिचे वडील रॉबर्ट मर्फी हे अमेरिकन लष्करी राजवटीचे जर्मनीतले राजकीय सल्लागार. मुलगी टवटवीत आहे, काम बेताचं. पटकथेनं तिला प्राध्यापकाकडे कौतुकानं बघण्यापलीकडे काही दिलेलं नाही, त्याला ती काय करणार.

शेवट सांगते, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडा. माउट्नर खचतो, आजारी पडतो आणि मरतो. मुलगा बिछान्यापाशी येतो. संगीत दाटून येतं. हे डोळे पुसत होते आणि मला भयंकर राग आला होता. का मारला त्याला? जिवंत ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याचा तास असता. फेश्नरला त्याच जिन्यात रोज नमस्कार करावा लागला असता. पोरांच्या उत्तरपत्रिका त्यानं तपासल्या असत्या. मेलेल्या ज्यू प्राध्यापकासाठी रडणं सोपं आहे, त्याला पगारपत्रकावर ठेवणं अवघड. प्रेक्षकांना रडायची सोय करून देऊन सिनेमा सगळ्यांची सुटका करतो.

आणि हे कोर्टनरनंच लिहिलंय, हे तर मला अजिबात समजत नाही, कारण तो स्वतः मेला नाही! खचला असेल, पण घर बांधून राहिला. पुढच्याच वर्षी, 1950 मध्ये, बर्लिनला त्यानं शिलरचं 'डॉन कार्लोस' असं बसवलं की थिएटरात दंगा झाला आणि ज्यू म्हणून शिव्या-धमक्या आल्या. तरी हटला नाही. म्यूनिकमध्ये वर्षानुवर्षं नाटकं बसवत राहिला, तालमींत नटांना रडवत राहिला, आणि 1970 साली तिथंच वारला. पंचाहत्तरी उलटल्यावर टीव्हीसाठी पुन्हा शायलॉक केला. म्हणजे 'देर रुफ'नंतर एकवीस वर्षं तो रोज सकाळी तासाला हजर होता. पटकथेपेक्षा आयुष्य जास्त चिवट निघालं.

काळाचीही गंमत बघा. गंमत म्हणवत नाही खरं तर. सिनेमा 1949 च्या एप्रिलमध्ये लागला. त्याच एप्रिलमध्ये हांबुर्गच्या कोर्टानं फाइट हार्लानला निर्दोष सोडलं. हा हार्लान म्हणजे 1940 सालच्या त्या विखारी ज्यूद्वेष्ट्या प्रचारपटाचा दिग्दर्शक. लोकांनी त्याला कोर्टाबाहेर खांद्यावर घेऊन मिरवलं. 'देर रुफ' कान महोत्सवात गेला, समीक्षकांनी आदरानं लिहिलं, आणि तिकीटबारीवर आपटला. लोकांना काय बघायचं होतं आणि काय नव्हतं, यासाठी वेगळा सर्व्हे नको.

आपल्या मुंबईतूनही एक जण असा परतला होता. विली हास, प्रागचा, बर्लिनच्या एका नावाजलेल्या साहित्यसाप्ताहिकाचा संस्थापक. 1939 मध्ये मुंबईला आला, मोहन भवनानींच्या स्टुडिओसाठी पटकथा लिहिल्या, आणि युद्धानंतर हांबुर्गला जाऊन वृत्तपत्रात समीक्षक झाला. त्याच्यावर कुणी सिनेमा काढला नाही, कारण त्यानं बिछान्यावर प्राण सोडला नाही, नुसतं काम केलं. ग्योटिंगनचा बोर्नही 1935-36 मध्ये बंगळूरला होता. रामन त्याला कायमचा ठेवून घ्यायला बघत होते, पण तिथल्याच एका साहेब प्राध्यापकानं भर सभेत बोर्नला दुय्यम दर्जाचा, स्वतःच्या देशानं हाकललेला ठरवलं, आणि जागा काही झाली नाही. ऐकल्यावर हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे फेश्नर बंगळूरलाही होता." बोर्न पुढं एडिंबरोला गेला, आणि 1954 मध्ये जर्मनीतच, बाड पिर्मोंटला राहायला परतला.

आता व्यवहाराचं. कुणी बघावा? जर्मन शिकणाऱ्यांनी जरूर, जर्मनच्या बी-टू पातळीच्या वर असाल तर, आणि निव्वळ व्याख्यानाच्या प्रसंगासाठी दोनदा. नाटकवाल्यांनी कोर्टनरच्या आवाजासाठी. परदेशातून परतायचा विचार चालू असलेल्यांनी तूर्त बघू नये. पहिल्या तासाला पाचपैकी पाच, पुढच्या पाऊण तासाला दोन, होफरबाईंना वेगळे पाच. डिस्कला एक, तोही भाचीनं केलेल्या घासाघिशीबद्दल. डिस्क हवी असेल त्यांनी घरी यावं, पोस्टानं पाठवणार नाही. मागं एकाला पाठवलेली अजून परत आलेली नाही. येताना स्वतःचा लॅपटॉप आणलात तर उत्तम.

कारण माझ्या लॅपटॉपचा रीजन आता युरोपचा झालाय. आमच्या जुन्या नाटकांच्या चार डिस्क त्याच्यावर वाजायच्या बंद झाल्या, पडद्यावर नुसती सूचना येते: एकदाच बदलता येईल, त्यानंतर असेल तो रीजन कायमचा. हे रोज जेवताना विचारतात, बदललास का. मी म्हणते, बघू रविवारी.